ओळीत पाहिलं की पडझड कळते

कपाशीची चौफुली लागवड आपण पाहिलेली आहे. बांधावर उभं राहून ओळीच्या रेषेत पाहिलं, तर नजर थेट पलीकडच्या बांधापर्यंत जाते. जरा तिरकं पाहिलं, की झाडंच झाडं आडवी येतात. आजची गोष्ट समजायला एवढं पुरेसं आहे.

मोबाईलमधली चिप सिलिकॉनच्या स्फटिकापासून बनते. स्फटिक म्हणजे अणूंचं असंच ओळीत लावलेलं शेत. पण शुद्ध सिलिकॉनमधून वीज फार थोडी वाहते. म्हणून बोरॉन किंवा फॉस्फरसच्या अणूंना विद्युतभार देऊन, म्हणजे त्यांचे आयन करून, ते वेगानं आत घुसवतात. याला आयन रोपण म्हणतात. हे रोपण भातलावणीसारखं हळुवार नसतं. घुसणारा आयन वाटेतले कितीतरी अणू जागचे उडवतो. चकती वरून गुळगुळीतच दिसते. आत ओळी मोडलेल्या असतात.

ही मोडतोड मोजायची कशी? सुमारे 20 लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या हेलियम आयनांचा झोत आधी तिरका सोडतात. काही आयन अणूंच्या गाभ्यामुळे मागं उसळतात. अशाच उसळण्यावरून रदरफोर्ड यांनी 1911 मध्ये अणूला गाभा असतो हे सांगितलं होतं. मग झोत ओळींच्या रेषेत सोडतात. तिरक्या झोतातले 100 आयन परत आले असतील, तर चांगल्या सिलिकॉनमधून सरळ झोतातले 3-4 च येतात. बाकीचे सरीतून आत निघून जातात. सरीत अणू पडलेले असले, की हा आकडा वाढतो. तो 100 ला टेकला, तर त्या थरात ओळ उरलेलीच नाही. मोडतोड किती खोल आहे तेही कळतं, कारण जितक्या खोलातून आयन परततो तितकी त्याची ऊर्जा घटलेली असते.

उपाय म्हणजे तापवणं. साधारण 900 ते 1000 अंश सेल्सिअसला अणू पुन्हा ओळीत बसतात. कमी तापवलं तर मोडतोड राहते आणि वीज गळते. जास्त तापवलं तर घातलेले अणू नको तिथं पसरतात. म्हणून तापवल्यावर पुन्हा मोजून पाहतात. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरमध्ये अशा मोजणीची सोय आहे.

आता शेतात जाल तेव्हा ओळीच्या टोकाला उभ्या राहा. एकदा सरळ पाहा, एकदा तिरकं. आम्ही काय म्हणत होतो ते तिथंच दिसेल.