पेटी आणि विनोद

भरतमुनींनीं हास्याचे स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा भेद सांगितले असून त्यांतील पहिले दोनच उत्तम प्रकृतीच्या माणसांस नेमून दिले आहेत. सुशिक्षित घरांतील वडीलधाऱ्यांनाही पुढचे भेद अनुभवावयास लावणारा मनुष्य म्हणजे पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे. तथापि हा विनोदकार आधीं पेटीवादक होता, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत घ्यावी.

त्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजीं मुंबईस झाला. पार्ल्यास बालपणींच पेटीवर हात बसला. पुढें त्यांनीं कांहीं काळ प्राध्यापकी केली. १९५३ सालच्या ‘गुळाचा गणपती’ या बोलपटाची कथा, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका, सर्व त्यांचेंच. त्याच वर्षीं ‘देवबाप्पा’तील, मोरास नाचावयास सांगणाऱ्या बालगीताची चालही त्यांनींच बांधिली. मातामह ‘ऋग्वेदी’ यांनीं रवींद्रांची गीतांजलि मराठींत आणिली होती. नातू पन्नाशीच्या सुमारास बंगाली शिकावयास शांतिनिकेतनांत जाऊन राहिला! अशा माणसास व्यवहारी लोक विक्षिप्तच म्हणणार.

साथीला बसणाऱ्या पेटीवाल्यास गवयाची पुढील वळण घेण्याची जागा आधीं ओळखावी लागते. हाच कान देशपांड्यांनीं माणसांच्या बोलण्यास लाविला. ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) मधील प्रत्येक बिऱ्हाडकरूची लय निराळी आहे. १९६१ पासून तेंच पुस्तक त्यांनीं एकट्यानें रंगभूमीवर उभें केलें, तेव्हां हशा नेमका समेवर येई. प्रयोगांतून व पुस्तकांतून मिळालेला पैसा १९६५ सालीं स्थापिलेल्या प्रतिष्ठानाच्या द्वारें त्यांनीं लोककार्यास वाहिला. १२ जून २००० रोजीं पुण्यास ते निवर्तले.

आमचें वालचंदनगर हें कारखान्याभोंवतीं वसलेलें गांव. नाना जिल्ह्यांतील कुटुंबें येथें भिंतीला भिंत लावून राहत आलीं. त्यांच्या बोलण्यांतील हेल मुलें हुबेहूब उचलतात आणि घरोघर त्यांस दटावणी मिळते. वेडावणें आणि नक्कल यांत भेद आहे, हें आम्ही शिक्षकाच्या नात्यानें सांगूं इच्छितों. वेडावण्यांत तुच्छता असते. नकलेस मात्र दुसऱ्याचें बोलणें मन लावून ऐकावें लागतें. चाळींतील माणसांस आपण हसतों, परंतु त्यांचा तिटकारा कोणास येत नाहीं, याचें मर्म हेंच होय.

परीक्षा जवळ आली कीं घरांतील पेटी माळ्यावर जाते. ती खालींच राहूं द्यावी. मुलाचा अभ्यास बुडत असल्यास वेळ बांधून द्यावी. परंतु सुरांसाठीं आणि माणसांसाठीं तयार होत असलेला त्याचा कान मोडूं नये.