नाक्यावरची पोरे आणि चौकीतला हवालदार

शहाण्या माणसाने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्या वाडवडिलांनी सांगून ठेवले आहे. पोलीस चौकीच्या पायरीविषयी ते काही बोलले नाहीत. बोलण्याची गरजच त्यांना वाटली नसावी! आजही ठाण्याच्या नौपाड्यातला किंवा डोंबिवलीच्या टिळकनगरातला गृहस्थ आयुष्यात चौकीवर जातो तो दोन-तीनदाच. एकदा पारपत्राच्या पडताळणीसाठी, एकदा घरी चोरी झाली म्हणून, आणि सोसायटीचा चिटणीस वगैरे असलाच तर गणपतीच्या मंडपाच्या परवानगीसाठी. तेवढ्या भेटीत उभयपक्षी कोरडा नमस्कार होतो आणि दोघेही सुटल्याचा नि:श्वास टाकतात. मग एके रात्री साडेदहाला गल्लीच्या तोंडाशी दहा-बारा पोरे मोटारसायकली आडव्या लावतात, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक तलवारीने कापतात, फटाके उडवतात, क्लासवरून परतणाऱ्या मुलींवर शेरे मारतात. आणि आपल्या या गृहस्थाला एकाएकी शोध लागतो की, आपल्या भागाच्या हवालदाराचे नावसुद्धा आपल्याला ठाऊक नाही. हवालदारालाही त्याचे नाव ठाऊक नसते. पोरांची नावे मात्र दोघांनाही पाठ असतात.

डोंबिवलीकरांना कट्ट्याचे मोठे कौतुक. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर तरुणाईचा जो पूर लोटतो, तो पाहायला बाहेरगावचे लोक येतात. ठाण्यात तलावपाळीला आणि राममारुती रोडला तोच सोहळा. झब्बे, पैठण्या, गणपतीचे दर्शन, मग गप्पांचा फड. तीच मुले आठ दिवसांनी कुठल्या तरी टपरीपाशी उभी राहिली की भुवया चढतात. आपला मुलगा बसतो तो कट्टा आणि दुसऱ्याचा बसतो तो नाका, अशी आपली सोयीस्कर व्याख्या आहे. उभे राहणे हा काही गुन्हा नव्हे. जायला दुसरी जागा नसलेली मुले नाक्यावर उभी राहतात, एवढाच त्याचा पहिला अर्थ. दुसरा अर्थ येतो तो त्यांच्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठा असलेला कुणी तरी चहाचे पैसे देऊ लागतो तेव्हा.

या गावांची घडणही लक्षात घेतली पाहिजे. २०११ च्या शिरगणतीत कल्याण-डोंबिवली महापालिकेची वस्ती साडेबारा लाखांच्या घरात होती, ठाण्याची साडेअठरा लाखांच्या आसपास. यातली कर्ती माणसे पहाटे मुंबईची लोकल पकडतात आणि रात्री घरी टेकतात. आईही नोकरी करणारी. दिवसाच्या बारा-चौदा तासांत गल्लीत उरतात ते पेन्शनर, लहान मुले आणि कॉलेज सुटलेली किंवा सोडलेली पोरे. पूर्वीच्या चाळीत शेजारची काकू कुणाच्याही पोराचा कान धरू शकत असे. आज ब्लॉकचे दार बंद असते आणि कान धरणाऱ्या काकूवरच तक्रार होण्याचा संभव अधिक! पोराला पाहणारा डोळाच गल्लीत उरलेला नाही. तो डोळा पोलिसाने व्हावे अशी आपली अपेक्षा, आणि पोलीस बंदोबस्तावर गेलेला.

कायदा कमी पडतो म्हणावे, तर तसेही नाही. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात (आता तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो) टोळी पांगवण्याचे एक स्वतंत्र कलम आहे आणि त्याच्या शेजारीच तडीपारीची कलमे आहेत; दोन वर्षांपर्यंत माणसाला जिल्ह्याबाहेर घालवता येते. १९८१ साली झोपडपट्टीदादांना स्थानबद्ध करण्याचा कायदा आला, १९९९ साली मोक्का आला, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत किरकोळ संघटित गुन्हा नावाचे नवे कलमही आले. शिवाय चॅप्टर केस आहेच. शस्त्रागार भरलेले आहे. पण तडीपारीची मौज पाहा. ज्या जिल्ह्यातून दर चार मिनिटांनी एक लोकल सुटते, त्या जिल्ह्यातून माणसाला हद्दपार करायचे म्हणजे काय? ‘तडीपार गुंड स्वतःच्या घरातच सापडला’ ही बातमी आपण इतक्यांदा वाचली आहे की आता तिचे हसूही येत नाही.

दुसरी बाजू याहून गंभीर. सतरा वर्षांच्या पोराला बालन्याय कायद्याचे संरक्षण आहे. त्याला कोठडीत टाकता येत नाही, बेडी घालता येत नाही. २०१५ च्या कायद्याने प्रत्येक पोलीस ठाण्यात मुलांसाठी एक बालकल्याण अधिकारी नेमलेला असावा लागतो आणि मुलाच्या चुकीचा डाग त्याच्या पुढच्या आयुष्याला लागू नये अशी कायद्याची इच्छा आहे. अठरावा वाढदिवस उलटला की ही सारी कवाडे एका रात्रीत बंद होतात. त्यानंतर कोयता घेऊन मिरवणाऱ्या मित्राच्या मागे नुसते बसले म्हणून नाव गुन्ह्यात आले, तरी पुढे सरकारी नोकरी, पारपत्र, साध्या रखवालदाराची जागा, सर्वत्र चारित्र्य पडताळणीचा कागद आडवा येतो. मग नाक्यावरचा तो चहा पाजणारा मोठा भाऊच काय तो नोकरी द्यायला उरतो. टोळी अशी भरते. म्हणून या विषयात खरा प्रश्न असतो तो गुन्हा दाखल होण्याच्या आधीच्या वर्ष-दीड वर्षाचा. त्या काळात पोलीस, पालक आणि पोरगा यांची गाठ कुठे पडते? बहुधा पडतच नाही.

बैठका होत नाहीत असे नाही. गणेशोत्सव, नवरात्र, ईद जवळ आली की प्रत्येक पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. पहिल्या रांगेत पुढारी, दुसऱ्या रांगेत मंडळांचे अध्यक्ष, मागे दोन-चार ज्येष्ठ नागरिक. साहेब येतात, हार होतात, सहकार्याचे आवाहन होते, रस्त्यावरच्या खड्ड्यांविषयी एक घणाघाती भाषण होते (खड्डे महापालिकेचे, पण ऐकून घेणारा माणूस समोर सापडलेला असतो), आणि चहा होऊन मंडळी पांगतात. बैठक वेळापत्रकाप्रमाणे एखाद्या बुधवारी दुपारी असते, म्हणजे नोकरदार माणूस येणे शक्य नाही. बायका जवळजवळ नसतात. आणि ज्यांच्याविषयी बैठक, ती अठरा-वीस वर्षांची पोरे तर दाराबाहेरच. वराशिवाय वरात म्हणतात ती हीच.

याहून वेगळे काही होऊ शकते काय? उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. कल्याणहून दुर्गाडीचा खाडीपूल ओलांडला की घटकाभराच्या वाटेवर भिवंडी आहे.

यंत्रमागांची ही भिवंडी मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून पेटली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने त्या दंगलीची कसून चौकशी केली आणि मिरवणुकीतल्या चिथावणीइतकेच कठोर ताशेरे पोलीस तपासातल्या पक्षपातावर ओढले. मे १९८४ मध्ये गाव पुन्हा पेटले. ती आग ठाण्या-मुंबईपर्यंत पसरली आणि सारे मिळून अडीचशेहून अधिक माणसे गेली. दोन्ही वेळी रस्त्यावर कोण होते? मिसरूड फुटलेली पोरे. चिथावणारे हात वेगळे असतात, पण दगड उचलणारे हात बहुधा याच वयाचे.

ठाण्याला पोलीस आयुक्तालय आले ते १९८१ साली, आणि भिवंडी त्याच आयुक्तालयाखाली. १९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे नावाचे पोलीस उपायुक्त तेथे आले. या गृहस्थांनी आधी जुन्या दंगलींचे कागद वाचले. साहेब लोक बदलीच्या गावी आले की आधी बंगल्याची दुरुस्ती पाहतात, अशी आपली समजूत. यांनी चौकशीचे अहवाल पाहिले. त्यांतून त्यांना दिसले ते असे की, दंगल आभाळातून पडत नाही. नळावरचे भांडण, ओट्यावरचा वाद, पोरांची मारामारी, उधारीची कटकट, असल्या अदखलपात्र तक्रारींत पोलीस ‘एन. सी.’ लिहून घेतात आणि कोर्टात जा म्हणून सांगतात. माणूस कोर्टात जात नाही, तो आपल्या जातीच्या किंवा धर्माच्या दादाकडे जातो. दुसऱ्या बाजूचा आपल्या दादाकडे जातो. दादांचे वजन असे फुकटात वाढते आणि एक दिवस नळाचे भांडण दोन जमातींचे भांडण होऊन बसते.

खोपडे यांनी गावाचे भाग पाडून सुमारे सत्तर मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत दोन्ही समाजांची साधी माणसे घेतली: कारागीर, दुकानदार, शिक्षक. पुढाऱ्यांना मानाचे पान दिले नाही. हे बोलायला सोपे आहे, करायला किती कठीण असेल त्याची कल्पना कुठल्याही मंडळाच्या कार्यकर्त्याला असेल! समितीची सूत्रे त्या त्या भागातल्या पोलिसाच्या हाती ठेवली. मला तर या सगळ्या खटाटोपातला हाच भाग मोलाचा वाटतो. आपल्याकडे शिपाई म्हणजे साहेबाच्या गाडीचे दार उघडणारा आणि चौकात शिट्टी वाजवणारा इसम. त्याला एका मोहल्ल्याचा जबाबदार माणूस केले की तो त्या मोहल्ल्यातल्या पोरांची नावे नुसती पाठ करीत नाही, त्यांच्या बापाचा धंदा, आईचे दुखणे आणि शाळा का सुटली तेही त्याला कळते. समितीत नियमाने बसणारा मुसलमान कारागीर आणि हिंदू दुकानदार एकमेकांना ओळखू लागतात. अफवा आली की ती खरी की खोटी, हे विचारायला एक माणूस मिळतो. पोलिसी कामात यालाच खबर म्हणतात. फक्त येथे ती पैसे देऊन घ्यावी लागत नाही.

६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत बाबरी मशीद पडली. त्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबईत सुमारे नऊशे माणसे मेली, हा श्रीकृष्ण आयोगाचा आकडा. खोपडे यांची बदली झाली होती. त्यांच्या जागी गुलाबराव पोळ होते आणि त्यांनी समित्या मोडू दिल्या नव्हत्या. दोनदा होरपळलेली भिवंडी, जिच्याविषयी सर्वांनी वाईटाची खात्री धरली होती, ती शांत राहिली. मोहल्ल्यामोहल्ल्यांतली माणसे रात्र-रात्र जागली. कारणे आणखीही असतील. यंत्रमाग बंद पडला की दोन्ही समाजांच्या चुली विझतात, हे १९८४ नंतर भिवंडीला कुणी शिकवायला नको होते. तरीही केवळ धंद्याची काळजी पुरे पडती, तर १९८४ चे घडलेच नसते.

मुंबईने हा धडा उशिरा पण घेतला. १९९४ साली ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मुंबईत मोहल्ला कमिटीची चळवळ उभी राहिली. तिने पोरांना भाषणे ऐकवण्यापेक्षा क्रिकेटचे सामने भरवले. हे मला फार शहाणपणाचे वाटते. ज्या इन्स्पेक्टरचा त्रिफळा आपण उडवला, त्याची भीती वाटेनाशी होते आणि त्याच्यावर दगड उचलणेही जड जाते.

भिवंडीची गोष्ट येथेच थांबवली तर ती गोड होईल, पण खरी होणार नाही. ५ जुलै २००६ ला त्याच भिवंडीत कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून जमाव जमला, पोलिसांनी गोळीबार केला आणि दोन माणसे ठार झाली. त्याच रात्री जमावाने दोन पोलीस शिपायांचा जीव घेतला. इतर कुठल्याही गावाहून या गावाला पोलिसांशी बोलण्याची सवय अधिक होती, तेथे हे घडले. आणि तेही कशावरून? पोलिसांच्याच इमारतीवरून! समित्या कागदावर राहतात आणि मोहल्ल्यातून निघून जातात, तेव्हा त्यांचे जाणे कुणाला दिसत नाही. चार घरची चार माणसे गेली तेव्हा ते दिसले.

महाराष्ट्राने पुढे १५ ऑगस्ट २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम चालवली. तिचे सूत्र भिवंडीच्याच जातीचे, लहान तंटा गावातच मिटवावा. ती खेड्यांत रुजली तितकी शहरांत आली नाही. केरळात २००८ साली जनमैत्री नावाची योजना निघाली. तिच्यात बीटचा पोलीस घरोघर जाऊन ओळख करून घेतो. कोळसेवाडी, मानपाडा, विष्णुनगर या ठाण्यांतल्या शिपायाने असे घरोघर जावे म्हटले, तर तो आधी विचारील, केव्हा जाऊ? बारा-बारा तासांचा पहारा, वर मोर्चे, मिरवणुका, मंत्र्यांचे दौरे. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात २०१६ साली आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला, तो एका शिपायानेच आकडेमोड करून वरिष्ठांपुढे मांडला होता. शिपायाच्या डोक्यात काय काय असते, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

तेव्हा आमच्या ठाणे-कल्याणकर वाचकांपुढे अगदी साधी मागणी ठेवतो. ती आपापल्या पोलीस ठाण्यात लेखी देता येईल. बैठक रविवारी सकाळी ठेवा. ती चौकीत न घेता शाळेच्या वर्गात घ्या. व्यासपीठ नको, हार नकोत. निम्म्या बायका हव्यात, कारण संध्याकाळी कोणता दिवा बंद असतो आणि कोणत्या वळणावर कोण उभे असते, हे त्यांना ठाऊक असते. नाक्यावरच्या पोरांतले दोघे-तिघे बोलवा, आणि त्यांना आधी बोलू द्या. त्यांचीही तक्रार असते, बहुधा मैदानाची, कधी विनाकारण खाल्लेल्या थपडेचीही. ती थपड ज्याने मारली तो समोर बसलेला असेल तर उत्तमच.

आणि भागाचा शिपाई बदलू नका. २०१४ साली पोलीस कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने ठाण्याच्या अधिकाऱ्याला साधारण दोन वर्षे आणि शिपायाला एका जागी पाच वर्षे ठरवून दिली आहेत. साहेब ओळख होईतो जातो, शिपाई राहतो. आज गल्लीत चेंडू फळीवर आपटणारा तेरा वर्षांचा पोरगा पाच वर्षांनी पहिले मत द्यायला जाईल. तेवढा सारा काळ तो एकाच पोलिसाच्या नजरेखालून जातो.