गाइडने बाजूला कधी व्हायचं?

गाइड म्हणजे आपल्या चुका दुरुस्त करणारी व्यक्ती, असं आपण धरून चालतो. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात काय झालं ते बघा. पिट्सबर्ग हायस्कूलच्या ‘बूस्टर रिडक्स’ या विद्यार्थी-वृत्तपत्राची मुलं नव्याने नेमलेल्या मुख्याध्यापिकेवर बातमी करत होती. पदव्या तपासताना एका विद्यापीठाचा धड ठावठिकाणाच लागेना. मार्गदर्शक शिक्षिका स्वतः निवड समितीत होत्या, म्हणून या बातमीपुरत्या त्या बाजूला झाल्या; मुलांनी बाहेरच्या जाणकारांची मदत घेतली. बातमी छापून आली आणि काही दिवसांतच मुख्याध्यापिकेने राजीनामा दिला. तपासायची सवय मुलांना आधीच लागलेली होती (ती आयत्या वेळी लागत नाही!).

आता सांगा, तुमचा डेटा गाइडच्याच जुन्या पेपरच्या विरोधात गेला, तर तो घेऊन कोणाकडे जाल? ते नाव पीएचडीला नोंदणी करायच्या आधीच ठरवून ठेवा.