भाडं दिलं, पण कशाचं?

मुंबईच्या लघुवाद न्यायालयात मी भाडेकरूंचे दावे चालवते. नवीन पक्षकार समोर बसला की पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं, "वकीलबाई, एका महिन्याचं भाडं थकवलं नाही हो आम्ही." मी पावत्या मागते. काही जण तारेला टोचलेला पिवळट गठ्ठा काढतात. बाकीचे मोबाइल पुढे करतात. "सगळं बँकेतून जातं. पावती कशाला लागते?"

पैसे गेले, एवढं बँक सांगते. ते कुठल्या खोलीचे, कुठल्या महिन्याचे, आणि घेणाऱ्याने ते आपल्याला भाडेकरू मानून घेतले की आणखी कुणी म्हणून, हे बँकेच्या नोंदीत नसतं. उलटतपासणीत मालक शांतपणे सांगतो की ते हातउसने दिलेले पैसे परत आले, किंवा ती रक्कम डिपॉझिटची होती. मग वर्षानुवर्षं नियमित भरलेल्या पैशांचा अर्थ लावत बसावं लागतं. भाड्याच्या पावतीचं खरं काम रक्कम सांगणं नव्हे. दोन माणसांचं एका जागेपुरतं नातं काय आहे, ते ती सांगते.

गिरगाव, काळबादेवी, लालबाग या भागांतल्या जुन्या चाळींच्या पावत्या मी तासन्‌तास वाचते. काही इंग्रजीत, काही गुजरातीत. इमारतीचं नाव, मजला, खोली नंबर, भाडेकरूचं नाव, महिना, मग भाडं, परवानगीची वाढ, दुरुस्ती उपकर, पाणी असे वेगवेगळे रकाने. हे रकाने जपले पाहिजेत. सगळं एकाच आकड्यात कोंबलं, की पुढे थकबाकीची नोटीस आल्यावर नेमकं काय थकलं यावरच भांडण पेटतं. वापर कशासाठी, तेही पाहा. राहण्यासाठी घेतलेल्या खोलीच्या पावतीवर 'गोदाम' असं पडलं आणि कुणी हरकत घेतली नाही, तर वीस वर्षांनी तोच शब्द तुमच्याविरुद्ध वाचून दाखवला जातो.

मला सर्वांत जास्त चीड येते ती एका पद्धतीची. वाद सुरू झाला की पावतीवरचा 'भाडे' हा शब्द गुपचूप जातो आणि तिथे 'वापराची नुकसानभरपाई' येतं. रक्कम तीच, सही तीच, घेणारा मेहताजीही तोच. भाडेकरू घडी घालून खिशात टाकतो. खरं तर मालकाने त्या एका शब्दात जाहीर केलेलं असतं की तुम्हाला तो यापुढे भाडेकरू मानत नाही. अशी पावती हातात पडली, तर आपण दिलेली रक्कम भाडं म्हणूनच दिली आहे असं पत्र त्याच आठवड्यात पाठवा आणि पोच सांभाळा.

जुन्या पावत्या टाकून देऊ नका, हे मी अक्षरशः हात जोडून सांगते. 1 फेब्रुवारी 1973 रोजी लायसन्सवर जागेत राहणाऱ्यांना कायद्याने भाडेकरूचा दर्जा दिला. त्या दिवशी आपले आजोबा त्या खोलीत कुठल्या नात्याने होते, यावर आजही कुटुंबांची घरं अवलंबून आहेत. उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासात 13 जून 1996 ही तारीख येते. त्याआधीपासूनचा भाडेकरू असल्याचं दाखवावं लागतं. तीस वर्षांहून जुना कागद ज्याच्याकडे असायला हवा त्याच्याच ताब्यातून कोर्टासमोर आला, तर त्यावरची सही खरी आहे असं धरून चालण्याची मुभा न्यायाधीशांना आहे. सही करणारा मेहताजी कधीच वारलेला असतो, त्यामुळे ही मुभा फार मोलाची. म्हणून मूळ कागद ठेवा. छायाप्रत वेगळी काढा, पण मूळ पावती लॅमिनेट करू नका. तो पातळ कागद पुन्हा मोकळा करता येत नाही.

महसुली तिकिटाचा लोकांना भलताच धाक असतो. पाच हजारांहून जास्त रोख रकमेच्या पावतीवर एक रुपयाचं तिकीट लागतं. ते नसलं म्हणून पावती रद्दी होत नाही. ती देणाऱ्याविरुद्ध दाखल करायची असेल, तर एक रुपया दंड भरून कोर्ट ती पुराव्यात घेतं. तिकीट नाही म्हणून पावती फाडून टाकलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांना हे सांगताना फार वाईट वाटतं.

पावती देणं ही मालकाची मेहेरबानी नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 26 नुसार पैसे घेताक्षणी लेखी पावती देणं त्याच्यावर बंधनकारक आहे, न दिल्यास दंडाची तरतूद आहे. त्याआधीच्या 1947 च्या कायद्यातही हे होतंच. तरीही जागा रिकामी करून हवी असली, की पहिल्यांदा पावतीपुस्तक 'संपतं'. मग भाडं घेणंच बंद होतं, आणि काही महिन्यांनी थकबाकीची नोटीस येते. पूर्वीची शहाणी माणसं अशा वेळी मनीऑर्डर करत आणि 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आलेला कागद जपून ठेवत. आज खात्यावर पैसे पाठवा, तपशिलात 'भाडे, खोली अमुक, जून' असं लिहा आणि सोबत पत्र किंवा ईमेल करा. नोटीस आलीच तर घाबरून जाऊ नका. नोटिशीनंतर नव्वद दिवस दावा लावता येत नाही. दावा लागला तरी समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत थकबाकी 15 टक्के सरळ व्याजासह आणि दाव्याच्या खर्चासह कोर्टात भरून, पुढे नियमित भरत राहिलात, तर थकबाकीच्या कारणावरून घर जात नाही. मात्र ते नव्वद दिवस चुकले तर माझ्यासारख्या वकिलाच्याही हातात फारसं उरत नाही.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक बाईला विचारते, पावती कुणाच्या नावावर आहे? उत्तर येतं, सासऱ्यांच्या. ते जाऊन पंचवीस वर्षं झालेली असतात, भाडं सून भरत असते आणि पावतीवर मात्र मृत माणसाचं नाव छापत राहतं. भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला हक्क मिळतो, पण सोबत राहत होतो हे रेशनकार्ड, वीजबिलाने सिद्ध करावं लागतं. मृत्यूनंतर लगेच, दिरा-जावांमध्ये अजून भांडण नसताना, मालकाला लेखी अर्ज करून पावती नावावर करून घ्या.

घरमालकांनाही यात काही गमवायचं नाही. निवृत्तीनंतर डोंबिवलीचा एक फ्लॅट भाड्याने देऊन औषधपाणी चालवणाऱ्या मावशीही माझ्याकडे येतात. करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदवला नाही तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. करार नोंदवलेला असेल आणि पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती क्रमवार असतील, तर थकबाकी मांडायला त्यांना दहा मिनिटं पुरतात.

नोकरदार मंडळी मात्र फेब्रुवारीत एकाच बैठकीत बारा पावत्यांवर सह्या घेतात, घरभाडे भत्त्याच्या करसवलतीसाठी. वर्षाचं भाडं लाखाच्या वर असेल तर मालकाचा पॅनही द्यावा लागतो. दर महिन्याला घेतलेली पावती आणि अशी एकगठ्ठा पावती, यांतला फरक कुणीही ओळखतो.

लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांनी डिपॉझिटची पावती भाड्यापेक्षा वेगळी घ्यावी, आणि घर सोडताना चावी दिल्याचीही. ही शेवटची पावती जवळजवळ कुणीच मागत नाही. मुदतीनंतर जागा न सोडणाऱ्याकडून मालक ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. तुम्ही 31 तारखेला चावी वॉचमनकडे ठेवून गावी गेलात आणि मालक म्हणाला की ती दोन महिन्यांनी मिळाली, तर त्या दोन महिन्यांचा हिशोब तुमच्या डिपॉझिटमधून होतो. कागदाच्या चिठोऱ्यावर का होईना, 'चावी मिळाली, जागा रिकामी मिळाली' असं लिहून, तारीख घालून सही घ्या, आणि मगच टेम्पोत बसा.