तळ पाहून दोरी निवडा: जव्हार-मोखाड्याच्या डोहांत जिगची मासेमारी

आजचा विषय ऐकायला साधा आहे. जिग टाकायचा असेल तर दोरी कोणती घ्यायची? दुकानात गेलं की रिळांची रांग दिसते, प्रत्येकावर आकडे छापलेले असतात आणि दुकानदार विचारतो, "किती किलोची देऊ?" आमचं म्हणणं असं की प्रश्नच उलटा आहे. "किती किलोची" हे नंतर. आधी विचारायचं, "माझा जिग कुठे पडणार आहे?"

आधी जिग म्हणजे काय ते बघू. गळाच्या मानेवर शिशाचं डोकं ओतलेलं असतं, मागे रबराच्या झिरमिळ्या किंवा मऊ रबरी शेपूट. पाण्यात टाकला की तो बुडतो आणि तळाला टेकतो. काठीचं टोक उचललं की उडी मारतो, सोडलं की पुन्हा पडतो. एखादा खेकडा किंवा कोळंबी तळाशी धडपडते आहे असं माशाला वाटलं पाहिजे. हे तंत्र वाढलं ते अमेरिकेत, बास नावाच्या माशासाठी. इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ त्याच माशाचे. तो बास काही आपल्या नद्यांत नाही. आपल्याकडे झुडपात दबा धरून बसणारा, संधी मिळताच झडप घालणारा मासा म्हणजे मरळ. खाली, वैतरणा जिथे खाडीला मिळते तिथे जिताडा. इंग्रजीत त्याला आशियाई समुद्री बास म्हणतात, म्हणजे नावापुरता तरी बास आपल्याकडे आहे!

आता जिगला दोरीकडून काय हवं असतं? तीन गोष्टी. पहिली, जाणीव. मासा बहुधा जिग खाली पडत असतानाच घेतो. हाताला हिसका बसत नाही, नुसती टिचकी जाणवते, किंवा दोरी मध्येच सैल पडते. ती टिचकी बोटापर्यंत आली पाहिजे. दुसरी, कमी ताण. जिगचा गळ जाड असतो. दोरी रबरासारखी ताणली गेली तर आपण काठी कितीही जोरात उचलली तरी गळ जबड्यात रुतत नाही. तिसरी, घासणं सोसण्याची ताकद. कारण जिग तळाशीच चालतो, आणि तळ कधी गुळगुळीत नसतो.

बाजारात दोऱ्या मुख्यतः तीन प्रकारच्या. पहिला आपला ओळखीचा तंगूस, म्हणजे एकेरी नायलॉनचा तार. नायलॉनचा शोध १९३५ चा. तंगूस स्वस्त असतो आणि गाठ छान धरतो. पण तुटायच्या आधी तो वीस-पंचवीस टक्के ताणला जातो. शिवाय नायलॉन पाणी पितो, भिजला की ताकद थोडी घटते. उन्हात पडून राहिला तर ठिसूळ होतो. दुसरा प्रकार फ्लुरोकार्बन. दिसायला तंगुसासारखाच, पण जड. नायलॉनची घनता पाण्यापेक्षा जेमतेम जास्त, साधारण १.१४. फ्लुरोकार्बनची १.७८. म्हणून तो जिगबरोबर सरळ बुडतो. तो पाणी पीत नाही आणि पाण्यात कमी दिसतो. का? प्रकाश वाकवण्याचा अंक पाण्याचा १.३३, फ्लुरोकार्बनचा साधारण १.४२ आणि नायलॉनचा १.५ च्या पुढे. अंक जितका पाण्याजवळ तितका तार कमी चमकतो. तिसरा प्रकार वेणीचा दोरा. बारीक धागे विणून केलेला, दुकानात त्याला 'ब्रेड' म्हणतात. त्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा तो खूप बारीक असतो आणि जवळजवळ ताणलाच जात नाही. टिचकी थेट बोटात येते. पण तो पाण्यावर तरंगतो, स्वच्छ पाण्यात उठून दिसतो आणि दगडाच्या धारेवर घासला की धागा-धागा सुटतो.

आता आपला मुलूख बघा. जव्हार-मोखाडा म्हणजे सह्याद्रीच्या कुशीतला, काळ्या कातळाचा डोंगराळ पट्टा. वैतरणा, पिंजाळ, वाघ, लेंडी या नद्या कातळ कापत जातात. दाभोसाचा धबधबा लेंडी नदीवरचाच. पावसाळ्यात पाणी लाल, गढूळ आणि जोराचं. दिवाळीनंतर ते निवळतं. होळीपर्यंत नदीची धार तुटते आणि उरतात ते डोह. म्हणजे एकाच नदीचं पाणी वर्षात तीन रूपं घेतं आणि तळाला मात्र कायम धारदार बेसाल्ट. व्हिडिओतला माणूस गवताळ, मऊ तळाच्या तळ्यात साठ-पासष्ट पौंडी ब्रेड सुचवतो. ते त्याच्या जागी बरोबर आहे. तोच दोरा आपल्या डोहात नुसता सोडला तर दोन कपारींत घासून संपतो.

मग निवड कशी करायची? तीन जागा धरू.

कातळाचा डोह, निवळ पाणी: सात ते दहा ग्रॅमचा जिग. बारा ते पंधरा पौंडाचा, म्हणजे साधारण साडेपाच ते सात किलोचा फ्लुरोकार्बन. रीळभर घेणं परवडत नसेल तर तेवढ्याच ताकदीचा चांगला तंगूस चालतो. फक्त काठी थोडी कडक घ्या आणि उचल लांब मारा, म्हणजे ताण भरून निघतो.

तलावाची झाडोऱ्याची कड, शेवाळ, पाणवनस्पती: इथे मरळ. तो हवेतला श्वास घेतो, म्हणून मधूनमधून वर येऊन बुडबुडा सोडतो, आणि आपल्याला त्याची जागा कळते. इथे मात्र ब्रेडच. तीस ते पन्नास पौंडाचा. बारीक दोरा वनस्पती कापत येतो आणि मासा लगेच बाहेर काढता येतो.

पावसाळी गढूळ पाणी: इथे दिसण्याचा प्रश्न नाही, म्हणून फ्लुरोकार्बनवर पैसे घालू नका. जाड तंगूस पुरे. आणि पुराच्या पाण्यात कातळावर उभं राहू नका, हे दोरीपेक्षा महत्त्वाचं.

आता मुख्य मुद्दा. ब्रेड वापरलात तरी शेवटचा वावभर तुकडा फ्लुरोकार्बनचा किंवा तंगुसाचा जोडा. कातळाला घासणारा, माशाच्या तोंडाजवळ येणारा भाग तोच. जिताड्याच्या कल्ल्याची झाकणं तर सुरीसारखी असतात, खाडीत त्याच्यासाठी हा तुकडा चांगला जाड लागतो. आणि डोहात हा तुकडा मुख्य दोरीपेक्षा मुद्दाम कमी ताकदीचा ठेवा. ऐकायला विचित्र वाटेल, पण दोरी कधी ना कधी अडकणारच. अडकली की ती कुठे तुटेल, हे आपण आधीच ठरवून ठेवायचं. जिगजवळ तुटली तर हातभर तुकडा जाईल. रिळाजवळ तुटली तर तीस-चाळीस मीटर दोरी डोहात राहील.

ही तीस मीटर दोरी आम्हाला का छळते? कारण ती कुजत नाही. उन्हाळ्यात मोखाड्यातल्या कित्येक पाड्यांवर पाण्याची ओरड असते. त्या दिवसांत डोह म्हणजे नुसती मासे धरायची जागा नसते. बायका तिथे धुणं धुतात, गुरं पाण्यावर येतात, पोरं पोहतात. तळाशी गळासकट राहिलेला तंगूस कुणाच्या तरी पायात जातो, बगळ्याच्या पायाला गुंडाळतो. सुती दोरी होती तेव्हा पाण्यानेच तिचा निकाल लावला असता. नायलॉनचा निकाल आपल्यालाच लावायचा आहे. तुटकी दोरी खिशात घाला, घरी नेऊन कात्रीने बोटभर तुकडे करा, मग कचऱ्यात टाका.

गाठीबद्दल दोन शब्द. कुठलीही गाठ आवळण्याआधी थुंकी किंवा पाणी लावा. कोरडी आवळली की घर्षणाने तापते आणि तिथेच कमजोर होते. ब्रेड निसरडा असतो, साधी गाठ सुटते. त्याला दोरी दुहेरी करून नाकातून ओवायची पालोमार गाठ बरी. दोन दोऱ्या जोडायला दुहेरी युनी. आणि दर दहा-बारा फेकींनंतर शेवटचा हातभर भाग दोन बोटांतून ओढून बघा. खरखर लागली की तेवढा कापून पुन्हा बांधा.

मागून एक प्रश्न आलाय: "अडकलेला ब्रेड हाताला गुंडाळून ओढला तर चालेल का?" अजिबात नाही. बोट कापेल. दोरी एखाद्या लाकडाला चार वेढे द्या आणि काठी बाजूला ठेवून सरळ रेषेत मागे चाला.

दुसरा प्रश्न, धरणात चालेल का? मध्य वैतरणासारखी धरणं मुंबईला पिण्याचं पाणी देतात, तिथे मनाला येईल तसं शिरता येत नाही. बाकी तलावांचे मासेमारीचे ठेके बरेचदा स्थानिक मच्छीमार संस्थांकडे असतात. आधी विचारा, मग काठी उघडा. आणि पावसाळ्यात लालसर पिल्लांचा थवा पाण्यावर दिसला तर जिग तिथे टाकू नका. खाली आईबाप मरळ राखण करत असतात. ते चिडून नक्की झडप घालतील, पण ते गेले की अख्खा थवा इतर माशांच्या पोटात जातो.

तर मंडळी, दुकानात पुढच्या वेळी "किती किलोची?" असं विचारलं, की आधी सांगा: "कातळ आहे, पाणी निवळ आहे, जिग दहा ग्रॅमचा आहे." दुकानदार चांगला असेल तर पुढचं तोच सांगेल. नसेल, तर आता तुम्हाला माहीत आहे.