जाळ्याचा आस आणि जलाशयाचे उत्पन्न

माजलगाव हे बीड जिल्ह्यातील सिंदफणा नदीकाठचे तालुक्याचे गाव. जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात येथे मातीचे धरण उभे राहिले. पैठणच्या नाथसागरातून निघणारा उजवा कालवा १३२ किलोमीटरचा प्रवास करून या जलाशयास पाणी पुरवितो. सिंचन आणि पिण्याचे पाणी ही या साठ्याची मुख्य उद्दिष्टे होत. परंतु ज्यांच्यापाशी जमीन नाही, त्या मच्छीमार कुटुंबांना हाच जलाशय शेतासारखा आहे. या शेतात पीक केव्हा कापावे, हे जाळ्याचा आस ठरवितो.

आस म्हणजे काय?

जाळ्याच्या एका घरातील समोरासमोरच्या दोन गाठींमधील, जाळे ताणून मोजलेले अंतर म्हणजे आस. जलाशयात प्रामुख्याने वापरले जाणारे गिलनेट पाण्यात पडद्याप्रमाणे उभे राहते. माशाचे डोके घरात शिरते, अंग मात्र पुढे जात नाही. मागे सरू पाहताच धागा कल्ल्यांमागे अडकतो. फार लहान मासा आरपार निघून जातो, तर फार मोठ्या माशाचे डोकेच घरात शिरत नाही. म्हणून विशिष्ट आसाचे जाळे विशिष्ट आकाराचेच मासे अधिक पकडते. जाळ्याच्या या गुणास निवडक्षमता म्हणतात.

जाळे दोरीला किती सैल बांधले आहे, यावरही ही निवड अवलंबून असते. सैल जाळ्यात मासा गुरफटतो आणि निवड ढिली पडते. काटेरी कल्ल्यांचे व मिशांचे मासे तर आस कोणताही असला तरी गुंततात.

हिशेब बोटुकलीचा

कटला, रोहू आणि मृगळ हे मासे पावसाळ्यात वाहत्या पुराच्या पाण्यात अंडी घालतात. धरणाच्या संथ पाण्यात त्यांची वाढ उत्तम होते, पण प्रजनन पुरेसे होईलच असे नाही. म्हणून जलाशयात मत्स्यबीज सोडावे लागते. बोटभर लांबीच्या या पिलांना बोटुकली म्हणतात. बोटुकली सोडणे ही पेरणीच होय.

माशाची लांबी तिप्पट झाली, तर त्याचे वजन सुमारे सत्तावीस पट होते. १५ सेंटिमीटर लांबीचा मासा ५० ग्रॅमचा धरला, तर ४५ सेंटिमीटरचा मासा १,३५० ग्रॅमच्या आसपास भरेल. असे दहा लहान मासे आज पकडले, तर हाती अर्धा किलो मासळी येते. तेच मासे पाण्यात राहिले आणि त्यांतील निम्मे नैसर्गिक कारणांनी दगावले, तरी उरलेल्या पाचांचे वजन पावणेसात किलोंच्या घरात जाते. शिवाय मोठ्या माशाला दर किलोमागे भावही चांगला मिळतो.

अडचण कोठे आहे?

एवढा सरळ हिशेब असूनही बारीक आसाचे जाळे पाण्यात पडते, याचे कारण अज्ञान नव्हे. आज चूल पेटविण्यासाठी आजच मासळी हवी असते. शिवाय एकट्याने जाळे आवरले, तर त्याने सोडलेला मासा दुसऱ्याच्या जाळ्यात जातो. दुष्काळात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. २०१५-१६ च्या टंचाईत मराठवाड्यातील जलाशय आटले. पाणी आकसले की मासे थोड्या जागेत दाटतात आणि ओढून नेण्याच्या बारीक जाळ्यात लहानमोठे सारेच सापडतात. त्यातही काही स्थानिक मासे जातीनेच लहान असतात. त्यांच्यासाठी बारीक आस लागतोच. म्हणून सरसकट बंदीपेक्षा जागा आणि हंगाम पाहून आस ठरविणे अधिक उपयुक्त ठरते. असा निर्णय सर्वांनी मिळून घेतला आणि पाळला, तरच टिकतो. मच्छीमार सहकारी संस्थेचे खरे महत्त्व येथे आहे.

समुद्राचा अनुभव

कोकण किनाऱ्यावर हाच प्रश्न मोठ्या प्रमाणात दिसतो. ट्रॉलर तळाशी पिशवीसारखे जाळे ओढत नेतो. त्याच्या शेपटाकडील भागात मासळी साठते. तेथील घरे पत्त्यांतील चौकटीसारखी, म्हणजे तिरपी असतील, तर ओढ बसताच ती मिटतात आणि पिलांना सुटायला वाट उरत नाही. चौकोनी घरे मात्र ओढ बसूनही उघडी राहतात. कोची येथील केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने अशा चौकोनी आसाचा पुरस्कार केला असून पिलांना बाहेर काढणारी साधनेही विकसित केली आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ सागरी प्रजातींसाठी पकडण्यायोग्य किमान आकार निश्चित केला. ट्रॉल आणि गिलनेट यांची रचना वेगळी असली, तरी तत्त्व एकच आहे: ज्याची वाढ व्हायची आहे, त्याला वाट मोकळी ठेवावी.

शेतकरी बियाण्याचे धान्य दळत नाही. बोटुकलीच्या बाबतीतही हाच विवेक बाळगला, तर माजलगावसारख्या जलाशयावर अवलंबून असलेल्या कुटुंबांना आजची मासळी मिळेल आणि उद्याच्या मासळीचीही शाश्वती राहील.