रात्री पावणेदोनचा पियानो

मैत्रिणींनो, गेल्या वर्षी सासूबाईंची उजवी बाजू अर्धांगवायूनं गेली आणि आमच्या घराचं घड्याळच उलटं झालं. दिवसभर त्या झोपायच्या आणि रात्री टक्क जाग्या. उशाशी मी. टीव्ही लावावा तर घर उठतं, दिवा लावावा तर त्यांना सहन होत नाही. शेवटी पुण्याला शिकणाऱ्या लेकीनं माझ्या मोबाइलमध्ये काहीबाही घालून दिलं. म्हणाली, "आई, हे हळू आवाजातच ऐकायचं असतं."

माझं संगीत म्हणजे नाट्यपदं, लताबाई आणि वरातीतला बँड! जॅझ म्हणजे धांगडधिंगा, ही पक्की समजूत. पण हे निघालं 'कूल जॅझ'. १९४९-५० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये माइल्स डेव्हिस आणि त्याच्या सोबत्यांनी वेगाची चढाओढ सोडून मऊ, सावकाश वाजवायला घेतलं, तो हा प्रकार. त्याची १९५९ ची 'काइंड ऑफ ब्लू' ऐका. काही ठिकाणी तो ट्रम्पेटच्या तोंडाला बूच लावून वाजवतो. शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय, हे ठाऊक असल्यासारखं!

लेकीनं त्यात कविताही घातल्या होत्या. अमेरिकेतल्या 'बीट' कवींच्या. गिन्सबर्ग त्यातलाच; १९६२ मध्ये भारतात आला तेव्हा मुंबईच्या कवींमध्येही वावरला होता. यातला जॅक केरुआक हायकू म्हणतो, थांबतो, मग सॅक्सोफोन त्याला उत्तर देतो. फडावरचा सवाल-जवाबच की हो! इंग्रजी मला निम्मंच कळलं. पण कीर्तनात तरी बुवांचा प्रत्येक शब्द कुठे कळतो? मृदंग सांभाळून घेतो.

मला मात्र खरी ओढ लागली ती रूथ वाइसची. जन्म १९२८, बर्लिन. ज्यू कुटुंब, हिटलरच्या तावडीतून निसटून अमेरिकेला पोहोचलेलं. सॅन फ्रान्सिस्कोला 'द सेलर' नावाच्या तळघरातल्या जागी ती वेट्रेस होती आणि तिथेच १९५६ पासून वादकांबरोबर कविता म्हणू लागली. पुढच्या वर्षी मोठ्या नावाच्या कवींनी तिथेच तसे कार्यक्रम केले, त्यांची रेकॉर्डही निघाली. हिचं नाव मागेच पडलं. (हे आपल्याला नवीन नाही म्हणा!) तरी ती म्हणत राहिली, थेट नव्वदी गाठेपर्यंत. २०२० मध्ये गेली.

ट्रे उचलणारी बाई कविता म्हणते, हे वाचलं आणि कपाटातली माझी वही आठवली. लग्नाआधीची. बावीस वर्षं तिला हात लावला नव्हता.

एके रात्री इयरफोनची पिन निसटली आणि केरुआक मोठ्यानं बोलू लागला. सासूबाईंनी डोळे उघडले. जड जिभेनं विचारलं, "कोण गं? उधारी मागतोय?" किती महिन्यांनी हसलो आम्ही दोघी! मग म्हणाल्या, "तू बोल. त्याचं नको."

वही काढली. फोनवर नुसता पियानो ठेवला, अगदी बारीक. गाणारा आवाज असेल तर आपले शब्द त्याच्याशी भांडतात, हे दोन-तीन रात्रींत कळलं. ढोलकीसारखा ठेकाही नको. ड्रमवर ब्रश फिरतो ना, सुपात तांदूळ घोळल्यासारखा, तेवढा पुरे. आणि तालात बसवायला जायचंच नाही. आपण बोलायचं, थांबायचं, पियानोला त्याची जागा द्यायची. आजी जात्यावर ओवी म्हणायची, ती पुढचा घास घालायला थांबायचीच की!

पहिली कविता विहिरीची होती. वाचताना आवाज कापत होता. तिसऱ्या ओळीला सासूबाईंनी विचारलं, "ही आपली विहीर?"

"नाही आई, माहेरची."

"मग आपली लिही."

लिहिली नाही अजून. दोन ओळी झाल्यात. परवा रात्री मला पेंग आली, तर पावणेदोनला त्यांनीच डाव्या हातानं पदर ओढला. "लाव की गं तुझं ते पेटीवालं."

पियानोला त्या पेटी म्हणतात. मी सुधारत नाही.